अंघोळीचं पाणी

टब रिकामा होता आणि म्हातारा खांद्यावर पंचा टाकून न्हाणीघराच्या दारात उभा होता.

मी नुकतीच बाहेर आले होते. केस ओले, अंगात त्यांनी दिलेला जाड सुती झगा, आणि मनात एक समाधान, की टब मी नुसता रिकामा केला नाही, घासूनही ठेवला. कोपऱ्यातल्या ब्रशने, काठापासून तळापर्यंत. म्हाताऱ्याने आत डोकावलं. माझ्याकडे पाहिलं. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली आणि त्याची सून, मिचिको, हात पुसत आली.

तिनेही आत पाहिलं. तिचं तोंड क्षणभर उघडंच राहिलं.

"दाइजोबु," ती म्हणाली. म्हणजे काही हरकत नाही. हा शब्द आम्हाला विमानतळावरच शिकवला होता. "दाइजोबु, दाइजोबु." ती इतक्यांदा म्हणाली की हरकत मोठी आहे हे मला कळलं.

तिचा नवरा शिगेरु उठला, बूट चढवले आणि मागच्या दाराने बर्फात गेला. त्या घरात अंघोळीचं पाणी लाकडांवर तापायचं. चूल भिंतीपलीकडे, बाहेर. फांद्या मोडल्याचा आवाज मला आतपर्यंत आला. म्हातारा दिवसभर अंगणातला बर्फ ओढून दमलेला. तो पंचा तसाच खांद्यावर ठेवून भिंतीला टेकून बसला आणि माझ्याकडे बघून हसला. मला ते हसणं नको होतं. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. शिवीचं काय करायचं ते मला येत होतं.

आमच्या अन्नतंत्र कॉलेजातला मुलामुलींचा एक गट जपानला गेला होता, फळं वाळवायच्या पद्धती बघायला. पश्चिमेकडचं डोंगरातलं एक गाव. तिथे टोमॅटोसारखं दिसणारं एक केशरी फळ सोलून, दोरीला बांधून थंड वाऱ्यावर टांगतात. घराघराच्या वळचणीला त्या माळा. दोन रात्री गावातल्या घरांमध्ये पाहुणे म्हणून राहायचं होतं, एका घरात दोघी किंवा दोघे. माझ्या वाट्याला केतकी सबनीस आली. तिच्या वाट्याला मी. आमची नावं वाचून झाल्यावर तिने सरांकडे पाहिलं आणि सरांनी कागदाकडे, ते मी पाहिलं.

"पाणी सोडून दिलंस?" मी खोलीत गेले तेव्हा केतकी गादीवर पडून हसत होती. "अगं उत्पला! बसमध्ये त्या गाइडबाईने घसा फोडून सांगितलं ना! आधी बाहेर बसून अंग धुवायचं, साबण काढायचा, मग टबात नुसतं बसायचं. पाणी सोडायचं नसतं. सगळं घर एकामागून एक त्याच पाण्यात उतरतं."

"त्याच पाण्यात?"

"त्याच. पाहुणा आधी, मग आजोबा, मग नवरा, मग बायको. ई गं! मला तर ऐकूनच कसंतरी झालं."

बसमध्ये मी अगदी मागे बसले होते. मागे माइक पोचत नव्हता. पुढे का बसली नाहीस असं कुणी विचारलं, तर पुढच्या जागा भरलेल्या होत्या. त्या नेहमीच भरलेल्या असतात.

"मग तू नाही जाणार?"

"मी? छे! मी वेट टिश्यूवर भागवणार. दोन दिवसांत कुणी मरत नाही." ती कोपरावर उठली. "पण पाणी सोडलंस ते एक ठीक आहे. घासलास कशाला टब?"

"सवय."

"कसली सवय?"

तिला ठाऊक होतं. होस्टेलच्या पहिल्या आठवड्यात माझ्यानंतर जिचा नंबर होता तिने मी ठेवलेली बादली उचलली, व्हिम टाकून आतून-बाहेरून घासली, विसळली, मग पाणी भरलं. माझ्याकडे बघून गोड हसली. दुसऱ्या दिवसापासून बादली मीच घासून पालथी घालायला लागले. ती मुलगी केतकी नव्हती. केतकी शेजारच्या नळावर दात घासत होती.

केतकीने घरून पाणी गरम करायची किटली आणली होती, तिचा स्वतःचा कप, स्वतःचा चमचा. "आईचं आपलं काहीतरी गं," असं ती पहिल्याच हॉटेलात म्हणाली होती, "मी काही मानत नाही. तुला चहाला पाणी लागलं तर सांग, मी ओतून देईन." ओतून देईन म्हणाली. घे म्हणाली नाही. केतकी दुष्ट होती असं नाही. माझे मोजे पातळ आहेत हे बघून तिने तिचे लोकरीचे मोजे मला दिले होते. परत मात्र घेतले नाहीत. "राहू दे तुलाच," म्हणाली.

आमच्या गाद्या शेजारीशेजारी घातल्या होत्या. मी दिवा बंद केल्यावर तिने तिची गादी हळूच भिंतीकडे ओढली. चटईवर गादी सरकल्याचा आवाज होतो.

सकाळी फळं सोलायच्या शेडमध्ये निंबाळकर सर आले. सर आणि त्यांच्या मिसेस गावच्या सभागृहात उतरले होते. सरांनी मला माळांच्या पलीकडे बोलावलं.

"खिल्लारे, हे काय ऐकतोय मी?"

"काय सर?"

"टबभर तापवलेलं पाणी ओतून दिलंस? घरातली माणसं ताटकळली, तो माणूस पुन्हा बर्फात चूल पेटवायला गेला? अगं, आपण इथं देशाचं नाव घेऊन आलोय."

"मला माहीत नव्हतं सर. मागे ऐकू आलं नाही."

"सगळ्यांना ऐकू आलं, तुला बरं नाही आलं." सर इकडेतिकडे बघून खालच्या आवाजात बोलायला लागले. "हे बघ, तुला समाजकल्याणच्या पैशातून पाठवताना मी कॉलेजात किती जणांची तोंडं बंद केली ते मला माहीत. ती तोंडं आता उघडायला नकोत. आजची रात्र बघतो. परत काही ऐकलं तर सामान उचलायचं आणि सभागृहात यायचं. आमच्या मिसेस आहेत तिथं. आणि मग अहवालात मला लिहावं लागेल, की विद्यार्थिनीला पाहुणी म्हणून राहायला जमलं नाही."

"सर, त्या घरातल्यांनी तक्रार केली?"

"कुणी केली ते महत्त्वाचं नाही."

मी परत माझ्या जागेवर येऊन बसले. केतकी हातमोजे घालून सोलत होती. तिच्या पांढऱ्या कुर्त्यावर फळाचा रस उडाला होता, त्याचे तपकिरी डाग पडत होते.

"तू सांगितलंस?"

"मी तक्रार नाही केली हं," ती घाईने म्हणाली. "सरांनी विचारलं कसं चाललंय, मी आपली गंमत म्हणून सांगितली. शी, हा डाग जातो का गं? उद्या निरोपाच्या कार्यक्रमाला मला हाच घालायचाय."

त्या घरातून मला कुणी काढलं नव्हतं. पण मला आता काढून घ्यायची तयारी झाली होती, आणि कारण माझ्याच हातून घडलेलं. म्हणजे आज टबात उतरायचं आणि पाणी मागे ठेवून बाहेर यायचं. बास, एवढंच. दिवसभर मी फळं सोलली आणि त्या पाण्याचाच विचार केला. माझं अंग बुडालेलं पाणी, आणि त्यात उतरणारा परका म्हातारा. किळस येत होती. ती किळस माझी नव्हती, कुणीतरी फार आधी माझ्यात ठेवलेली होती. पण अंग तर माझंच होतं ना!

संध्याकाळी सगळे बुटक्या टेबलाभोवती बसलो होतो. त्या टेबलाला खालून शेगडी असते आणि भोवती रजई. पाय सगळ्यांचे एकाच उबेत. केतकीने पाय आत घातले नव्हते, मांडी घालून बसली होती. मिचिको लहानपणी शाळेत शिकलेलं इंग्रजी चाचपडत बोलायची.

"ओफुरो रेडी," ती म्हणाली. ओफुरो म्हणजे ती अंघोळ. तिने माझ्यापुढे पंचा धरला. "उत्पला-सान. फर्स्ट."

आदल्या दिवशी तिने आमची वयं विचारली होती. मी केतकीहून वर्षाने मोठी, म्हणून मी आधी. वयाचा मान मला उभ्या आयुष्यात तिथे पहिल्यांदा मिळाला होता.

मी पंचा घेतला. तेवढ्यात केतकी बोलली.

"तिला शेवटी जाऊ द्या," ती मिचिकोला इंग्रजीत म्हणाली. "तिला चालतं शेवटी. आमच्याकडे तसंच असतं."

"लास्ट?" मिचिकोला कळेना. "व्हाय?"

"काही नाही. एक पद्धत आहे."

"केतकी," मी मराठीत म्हणाले, "गप बस."

"अगं, तुझ्यासाठीच म्हणतेय! शेवटी गेलीस तर पाणी सोडलं काय, नाही सोडलं काय. सरांची कटकट नको."

खरं तर ते तिचं म्हणणं बिनचूक होतं. हे मी आजही मान्य करते. तिथेच थांबली असती तर ती मला वाचवत होती असंही मी म्हणू शकले असते. पण म्हाताऱ्याने सुनेला काहीतरी विचारलं आणि मिचिकोने ते केतकीला विचारलं. गेस्ट लास्ट, का? म्हाताऱ्याला समजून घ्यायचं आहे. आणि केतकीला कुणी प्रश्न विचारला की उत्तर यायचंच, पहिल्या बाकावरची पोरगी. तिने सोप्या शब्दांत, लहान मुलांना सांगतात तसं सांगितलं. आमच्याकडे पूर्वी कामाप्रमाणे माणसं वेगळी असायची. हिची माणसं मेलेली जनावरं ओढायची. गावाबाहेर राहायची. त्यांचं पाणी वेगळं असायचं. आता नाही हं तसं काही, आता सगळं संपलं, पण सवय राहते.

माझ्या बापाने आयुष्यात एकही मेलेलं ढोर ओढलं नव्हतं. तो पंचायत समितीत शिपाई होता. आजोबाने ओढलं होतं, आणि एके दिवशी गावाला तोंडावर सांगून सोडलं होतं, आणि त्यासाठी मारही खाल्ला होता. हे सगळं मला इंग्रजीत येत होतं. पण मी उभी होते हातात पंचा घेऊन, आणि आपल्या आजोबाची बाजू मांडायला उभं राहावं असं ते न्यायालय नव्हतं. रजई होती, चहा होता, वाळलेल्या फळांची बशी होती.

मिचिकोने भाषांतर करायला सुरुवात केली. अर्ध्यावर तिचा आवाज बारीक झाला. तिने नवऱ्याकडे पाहिलं. शिगेरु टेबलावरचा कप उगाच फिरवायला लागला. मी आयुष्यभर माणसांचे चेहरे वाचत आलेय, त्याला भाषा लागत नाही. या माणसांना समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांना हे सगळं ठाऊक होतं. त्यांच्या भाषेत याला शब्द होता, आणि तो शब्द त्या क्षणी तिघांच्या तोंडात येऊन थांबला होता.

घरापासून इतकी लांब आले होते मी. विमानात बसून, समुद्र ओलांडून. तिथेही तो शब्द माझ्या आधी पोचलेला.

म्हाताऱ्याने चहाचा कप खाली ठेवला. खिडकीकडे बोट केलं आणि बराच वेळ काहीतरी बोलला. मिचिको मान खाली घालून ऐकत होती.

"काय म्हणतात?" केतकीने विचारलं.

"फादर से," मिचिको एकेक शब्द शोधत म्हणाली, "हिअर, सेम. नदी. नदीच्या पलीकडे. तिकडची माणसं. जनावरांचं कातडं. लाँग टाइम." मग थांबून म्हणाली, "फादर, लहान होते. तिकडे जायचं नाही. खेळायचं नाही."

"बघ, म्हणजे सगळीकडेच असतं," केतकी मला मराठीत म्हणाली. तिला हायसं वाटलं होतं.

शिगेरु मिचिकोला काहीतरी पुटपुटला. म्हाताऱ्याने मात्र माझ्या हातातल्या पंच्याकडे बोट दाखवलं, मग न्हाणीघराकडे. एकच शब्द बोलला. तो मला कळला. ओफुरो.

तो मान होता की हुकूम की नुसती सवय, मला अजून माहीत नाही. मी गेले.

आधी बाहेरच्या बुटक्या स्टुलावर बसून अंग घासलं. इतकं घासलं की कातडी झोंबायला लागली. मग टबात उतरले. गळ्यापर्यंत पाणी. वाफ, ओल्या लाकडाचा वास, बाहेर बर्फ छपरावरून घसरून पडल्याचा आवाज. टबाच्या बुचाला एक बारीक साखळी होती, ती माझ्या गुडघ्याला लागत होती.

मला हापसा आठवला. आमच्या गावचा, सरकारने आमच्या वस्तीत न पाडता मारुतीच्या देवळाजवळ पाडलेला. माय घागर भरून झाली की निघण्याआधी हापशाच्या दांड्यावर तांब्याभर पाणी टाकायची. मी लहान होते. मला वाटायचं, लोखंड उन्हाने तापलंय, म्हणून माय ते गार करते. मी पण माझ्या छोट्या तांब्याने टाकायची. माय म्हणायची, "बास, बास, झालं." हिवाळ्यातही टाकायची. तेव्हाही मला कळलं नाही.

टबात बसून मी साखळी हातात घेतली. ओढली असती तर मोकळी झाले असते. सभागृहात गेले असते, सरांच्या मिसेसने घोंगडी दिली असती, अहवालात एक ओळ आली असती. कुणी माझ्यानंतर पाण्यात उतरलं नाही हे मला कधी ऐकावं लागलं नसतं. कारण मला त्याचीच भीती होती. मी पाणी ठेवीन आणि भिंतीपलीकडून ते सोडून दिल्याचा आवाज येईल.

मी साखळी सोडली. बाहेर आले. टबावर फळ्यांचं झाकण घातलं, ऊब राहावी म्हणून. मायसारखं कशावरही पाणी टाकलं नाही.

आमची खोली न्हाणीघराला लागून होती. केतकी कानात गाणी घालून पडली होती. मी भिंतीला पाठ लावून बसले.

आधी पुढचं दार वाजलं. मग गाडी सुरू झाल्याचा आवाज. मी खिडकीतून पाहिलं. शिगेरु खांद्यावर पंचा टाकून गाडी काढत होता. गावाच्या खालच्या अंगाला सार्वजनिक गरम पाण्याचा हौद होता, आम्हाला दाखवला होता. गाडीचे दिवे वळणावर गेले. काल तो त्याच टबात उतरला होता.

बरं. एक गेला.

मग काहीच नाही. बराच वेळ काहीच नाही. मिचिको भांडी लावत होती. सासरा आणि सून काहीतरी बोलले, आवाज चढले नाहीत. मी नखं खात बसले होते. माझ्या अंगावरची ऊब निघून चालली होती.

मग न्हाणीघराचं सरकतं दार. स्टुलाचा आवाज. तांब्याने अंगावर पाणी घेतल्याचा आवाज, एकदा, पुन्हा. मग झाकणाच्या फळ्या एकेक करून बाजूला ठेवल्याचा. मी श्वास धरला. आता बूच. आता ओढेल.

भळ्ळकन पाणी काठावरून सांडलं. आणि म्हाताऱ्याच्या छातीतून एक लांबलचक "आऽऽऽ" निघाला, दमलेला माणूस गरम पाण्यात बसल्यावर निघतो तो. जगात सगळीकडे तो सारखाच असावा.

तो उतरला होता.

मी केतकीकडे पाहिलं. तिने डोळे मिटलेले, पाय गाण्याच्या ठेक्यावर हलत होता. मी उठून बाहेर ओसरीत आले. कुणाला तरी सांगायला. ओसरीत बर्फ होता आणि माळा होत्या. मी थोडा वेळ उभी राहिले आणि थंडी वाजायला लागली म्हणून आत आले.

सकाळी मी तोंड धुवायला गेले तर टबातून एक जाड नळी निघून कपडे धुवायच्या यंत्रात गेली होती. यंत्र घरघरत होतं. मिचिको शेजारी उभी.

"हे काय?" मी हाताने विचारलं.

तिने टबाकडे बोट केलं, मग नळीकडे, मग यंत्राकडे. "नो वेस्ट," ती म्हणाली. शिळं अंघोळीचं पाणी, कपड्यांना. सगळी घरं असंच करतात. तिने झाकण उचलून दाखवलं. आत फेसात केतकीने धुवायला दिलेला पांढरा कुर्ता गरगर फिरत होता.

मी बघतच राहिले. मिचिकोही बघत होती, माझ्याकडे. तिला सगळं कळत होतं की काहीच कळत नव्हतं, मी सांगू शकत नाही. तिने झाकण लावलं.

शेवटचं खळबळणं नळाच्या पाण्याने होतं, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. त्या दिवशी कळलं नाही ते बरं झालं.

मिचिकोने कुर्ता शेगडीवर वाळवला, इस्त्री केली, घडी घालून दोन्ही हातांनी केतकीला दिला. केतकीने वाकून आभार मानले. दुपारी आमची बस आली. म्हातारा दारात येऊन उभा राहिला. शिगेरु बागेत होता, आला नाही. निंबाळकर सर बसच्या पायरीवरून म्हणाले, "काय खिल्लारे, आज तक्रार नाही ना?" मी म्हणाले, नाही. सर खूश झाले.

पुढच्या जागा भरल्या होत्या. त्या दिवशी मागच्याही फळांच्या खोक्यांनी भरत आल्या होत्या, म्हणून केतकी माझ्या शेजारी येऊन बसली. अंगात तोच कुर्ता. बस हलली तशी तिची बाही माझ्या हाताला लागत होती. तिने बाही नाकाशी नेली.

"काय भारी वास येतोय गं. डागही गेला. यांचा साबण कुठला असेल?"

"पाणी चांगलं होतं," मी म्हणाले.

"हो ना? डोंगरातलं पाणी."

हसू इतक्या जोरात आलं की मला ओठ चावावा लागला. पोट दुखायला लागलं. मी मान वर करून बसभर पाहिलं, पुढून मागे. सगळे ओळखीचे. कुणाकडे नुसतं बघून डोळा मारावा आणि नंतर कधीतरी सांगावं, असं एकही तोंड त्या बसमध्ये नव्हतं. हसू तसंच दाबून धरलं, आणि थोड्या वेळाने ते हसू राहिलं नाही.

"काय झालं?" केतकीने विचारलं.

"काही नाही."

मी खिडकीकडे वळले. काचेवर वाफ धरली होती, ती तळहाताने पुसली. बस पुलावर आली होती. खाली नदी, काठाला बर्फ. पलीकडे बुटकी घरं, इकडच्यांसारखीच, त्यांच्याही वळचणीला फळांच्या माळा. घरांच्या मागून धूर निघत होता. तिथेही कुणीतरी पाणी तापवत असणार.

मी वळून वळून पाहिलं. तिथे उतरून एका दाराशी उभं राहावं, असं मला फार वाटलं. पण काय म्हणायचं, ते शब्द आम्हाला विमानतळावर शिकवले नव्हते.